नदी मोजणारा माणूस : मेजर जेम्स रेनेल

भूगोलाच्या पेपरात गंगेचा नकाशा काढावयास सांगितला की आमचे विद्यार्थी एक ठळक निळी रेघ ओढतात, तिला उजवीकडे दोन फाटे फोडतात आणि मोकळे होतात. गुण द्यावेच लागतात, कारण पुस्तकातही तशीच रेघ असते. पण त्या रेघेपैकी शंभरावर किलोमीटरचा एक तुकडा असा आहे की, तिथे रेघ एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असा प्रकार आहे. फराक्क्याच्या थोडे खाली गंगा भारत आणि बांगलादेश यांच्यामधली सरहद्द बनते आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जलंगीपाशी आपल्याला सोडून पलीकडे निघून जाते. ही सरहद्द वर्गात शिकवताना मी नेहमी एका माणसाची हकिकत सांगतो. तो १८३० साली वारला. त्याच्या हयातीत भारत नावाचे राष्ट्र नव्हते, पाकिस्तान नव्हते, बांगलादेश तर नव्हताच. तरीही ही सरहद्द समजून घ्यायची तर सुरुवात जेम्स रेनेलपासून करावी लागते, असे माझे मत आहे.

रेनेलचा जन्म ३ डिसेंबर १७४२ रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात चडली या गावी झाला. बाप तोफखान्यात कॅप्टन होता. मुलगा पाच वर्षांचा व्हायच्या सुमारास तो लढाईत मारला गेला. आईने दुसरे लग्न केले आणि मुलगा गावच्या धर्मोपदेशकाच्या आश्रयाने वाढला. तेराव्या वर्षी त्याने नौदलात मिडशिपमन, म्हणजे उमेदवार अधिकारी, म्हणून नाव घातले. आपल्याकडे या वयाची मुले आठवीत असतात. १७५८ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर सें-का येथे इंग्रजांचा पराभव झाला. त्या गडबडीतही या पोराने तेथील उपसागराचा नकाशा काढून ठेवला. नकाशाचे वेड हे असे लहानपणीच जडले असावे. १७६० साली तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला, पाँडिचेरीच्या वेढ्यात होता. पुढे लढाई संपली, नौदलात बढतीची आशा उरली नाही, तेव्हा त्याने ती नोकरी सोडून ईस्ट इंडिया कंपनीची धरली. १७६४ साली तो कलकत्त्यास पोचला, तेव्हा त्याचे वय होते एकवीस.

कलकत्त्याचा गव्हर्नर त्या वेळी व्हॅन्सिटार्ट होता. कंपनीपुढे एक जुनीच अडचण होती. कलकत्ता वसले आहे हुगळीच्या काठी. हुगळी ही गंगेच्या भागीरथी आणि जलंगी या फाट्यांनी बनलेली. पावसाळ्यात या फाट्यांतून महापूर वाहतो, पण हिवाळा सरता सरता पाणी आटते आणि वरच्या मुलखातला माल घेऊन येणाऱ्या मोठ्या नावा वाटेतच अडकतात. तेव्हा गंगेपासून कलकत्त्यापर्यंत बारमाही चालेल असा जवळचा जलमार्ग शोधून काढ, असा हुकूम रेनेलला मिळाला. १७६४ च्या मे महिन्यात तो नावेत बसून निघाला. मोजणी सुरू केली ती जलंगीच्या मुखापासून, म्हणजे आज जिथे गंगा भारताची सरहद्द सोडते नेमक्या त्याच भागापासून. हा निव्वळ योगायोग नव्हे. जिथे गंगेचे पाणी दक्षिणेला वळते ती जागा कलकत्त्याच्या दृष्टीने कळीची. १७६४ मध्ये ती जशी कळीची होती तशीच १९४७ मध्येही होती. पण ते पुढे येईल.

त्याच्याजवळ साधने काय होती? होकायंत्र, मोजणीची साखळी, अक्षांश काढण्यासाठी कोनमापक आणि नाव. नदीच्या काठाने एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे रोख घ्यायचा, अंतर मोजायचे, खोली पाहायची, वहीत टिपायचे आणि पुढे सरकायचे. अशी सात वर्षांहून अधिक काळ ही मोजणी चालली. गंगा झाली, ब्रह्मपुत्रा झाली, त्यांच्यामधले असंख्य खाल-नाले झाले. मुक्काम बहुधा ढाक्याला. कलकत्त्याला जाणाऱ्या वाटेचे उत्तर मात्र कंपनीला फारसे आवडण्यासारखे नव्हते. भागीरथीचा कासिमबाजारकडचा प्रवाह ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळजवळ कोरडा असतो, जलंगीत पाणी वर्षभर असले तरी काही वर्षी ऐन उन्हाळ्याचे दोन-तीन महिने तीत नाव चालत नाही, आणि बारमाही चालणारा एकच फाटा आहे तो खूप पूर्वेकडचा चंदना, असा त्याचा निष्कर्ष होता.

१७६५ साली कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली. आता सारा वसूल करायचा तर मुलूख केवढा, गावे कुठे, नद्या कुठे हे ठाऊक हवे. क्लाइव्हला रेनेलच्या कामाचे मोल कळले आणि १७६७ मध्ये, चोवीस वर्षांच्या या तरुणाला बंगालचा सर्व्हेअर जनरल नेमण्यात आले. नकाशाशास्त्राचे गोडवे गाताना ही बाजू आपण विसरतो, म्हणून मुद्दाम लिहितो. रेनेलची साखळी ज्या रानातून फिरली त्याच रानातून मागाहून वसुलीची माणसे फिरली, आणि अवघ्या तीन वर्षांत, १७७० मध्ये, बंगालात भयंकर दुष्काळ पडला तरी वसुली थांबली नाही. रेनेल स्वतः सज्जन, कष्टाळू, निगर्वी होता असे त्याचे चरित्रकार सांगतात, आणि ते खरे असावे. पण सज्जन माणसाचे काम कोणाच्या उपयोगी पडते हा प्रश्न निराळाच असतो.

नेमणुकीच्या आदल्या वर्षी त्याचा जीव जाता जाता वाचला होता. फेब्रुवारी १७६६ मध्ये तो कुचबिहारच्या बाजूला भूतानच्या सीमेलगत मोजणी करीत होता. त्या प्रदेशात संन्यासी आणि फकीर यांच्या सशस्त्र टोळ्यांचा कंपनीविरुद्ध उठाव चालू होता. मॉरिसन नावाचा त्याचा एक मित्र तुकडी घेऊन त्यांच्यावर चालून गेला होता, त्याच्या मदतीला गेलेला रेनेल एका गावात संन्याशांच्या गराड्यात सापडला. तलवारीचे वार बसले. उजव्या खांद्याचे हाड तुटले, बरगड्या कापल्या गेल्या, डाव्या हातावरही घाव बसले. डॉक्टर होता तो ढाक्याला, म्हणजे नदीवाटे तीनशे मैलांवर. सहा दिवस उघड्या नावेत तो पालथा पडून होता आणि नावाडी त्याच्या जखमांवर कांदे ठेचून बांधीत होते. ढाक्याच्या डॉक्टरने त्याला वाचवले खरे, पण उजवा हात पुन्हा पूर्ववत झाला नाही. पुढचे सगळे नकाशे या अधू हाताने झाले आहेत. ज्या नद्या तो कंपनीसाठी मोजत होता त्या नद्यांवरच्या, नाव-गाव न उरलेल्या माणसांनी त्याला वाचवले, ही गोष्ट मला संन्याशांच्या तलवारीपेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी वाटते.

१७७२ मध्ये त्याने जेन थॅकरे हिच्याशी लग्न केले. पुढे प्रसिद्धीस आलेला कादंबरीकार थॅकरे याच घराण्यातला. १७७७ साली प्रकृतीच्या कारणाने रेनेल मायदेशी परतला. तेरा वर्षांची हिंदुस्थानातली नोकरी संपली, वय होते अवघे चौतीस. १७७९ मध्ये त्याचा बंगालचा ॲटलास छापला गेला आणि १७८१ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

याच १७८१ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांवरचा निबंध वाचला गेला. ॲटलासची कीर्ती मोठी, पण माझ्या मते रेनेलचा खरा थोरपणा या छोट्याशा निबंधात आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा, कारण तीत नदी ही रेघ नसून काम करणारी शक्ती आहे, हे मोजमापांसह सांगितले आहे. कोरड्या ऋतूत गंगेतून दर सेकंदाला ८०,००० घनफूट पाणी जाते आणि पुरात ४,०५,०००, हा त्याचा हिशेब. जलंगीपाशी मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी ३२ फूट चढते, तेच ढाक्याला १४ फुटांच्या आसपास. सरळ रेषेत मैलामागे नऊ इंच उतार, पण नदी इतकी वळणे घेते की प्रत्यक्षात तो चार इंचच उरतो. गंगेवर तीस हजार नावाडी पोट भरतात, असाही त्याचा अंदाज.

मग तो काठांकडे वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार आदळते आणि काठ कोसळतो, आतल्या अंगाला वेग मंदावतो आणि वाळू बसते. मधेच एखादे झाड किंवा बुडालेली नाव अडकली की तिच्याभोवती वाळू साठते, पुढच्या पुरात त्यावर गाळ बसतो, गवत उगवते आणि दोन-चार वर्षांत बेट तयार होते. बंगालीत या बेटांना चर म्हणतात. (मराठीत चर म्हणजे खणलेला लांबट खड्डा, तेव्हा घोटाळा होऊ देऊ नये. आपल्याकडे कृष्णाकाठी जिला मळी म्हणतात तसलीच ही गाळाची जमीन, फक्त कधी इथे तर कधी तिथे.) अशा नव्या जमिनीवर हक्क कोणाचा याचे नियम तेथील लोकांनी फार बारकाईने ठरवलेले आहेत, हेही रेनेलने टिपून ठेवले. नियम असणारच. जिथे शेत रातोरात नाहीसे होते आणि समोरच्या काठाला उगवते तिथे नियमांवाचून डोकी फुटतील.

यानंतरची त्याची दोन मापे तर माझ्या तोंडपाठ आहेत. त्याच्या बंगालमधील अकरा वर्षांच्या वास्तव्यात जलंगीचे मुख हळूहळू पाऊण मैल खाली सरकले. आणि गंगेच्या काठाच्या एका भागाची त्याने सुमारे नऊ वर्षांच्या अंतराने दोनदा मोजणी केली तेव्हा असे आढळले की मधल्या काळात दीड मैल रुंदीची जमीन नदीने गिळली होती. दीड मैल म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. विचार करा, स्वतःचाच नकाशा स्वतःच्याच डोळ्यांदेखत खोटा ठरताना पाहणे म्हणजे काय! दुसरा एखादा अधिकारी असता तर त्याने जुनी मोजणी गुपचूप बाजूला ठेवली असती. रेनेलने दोन्ही शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यातला फरक हाच शोध म्हणून जगापुढे मांडला.

त्याच्यानंतर नद्या आणखीच हलल्या. रेनेलच्या नकाशात ब्रह्मपुत्रा मैमनसिंहजवळून, मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेने वाहते. तिस्ता गंगेकडे जाते. १७८७ च्या महापुरात तिस्ता पात्र सोडून ब्रह्मपुत्रेकडे वळली, आणि पुढच्या चार-पाच दशकांत ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूरच्या पश्चिमेला एका लहानशा नाल्याच्या वाटेने वाहू लागला. हीच आजची जमुना. रेनेलने मोजलेले पात्र आता जुनी ब्रह्मपुत्रा म्हणून ओळखले जाते.

इंग्लंडातील त्याच्या उरलेल्या त्रेपन्न वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. १७८२ मध्ये त्याने सबंध हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि त्याच्यासोबत एक मोठे विवेचनही छापले. मराठ्यांची पुण्याची आणि वऱ्हाड-नागपूरची सत्ता त्याने वेगवेगळी दाखवली आहे. या नकाशातला दख्खन मात्र त्याने पाहिलेला नव्हता, तो फौजांच्या कूचनोंदींवरून उभा केलेला. जनरल गॉडर्डने १७७८-७९ मध्ये मध्य हिंदुस्थानातून सुरतेपर्यंत जी मजल मारली तिच्या नोंदी त्याला फार उपयोगी पडल्या. १७९१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. समुद्रप्रवाहांचाही त्याने अभ्यास केला.

पण इथे एक गंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंगो पार्क आफ्रिकेतून परतला तेव्हा १७९९ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनासाठी नकाशा रेनेलने काढला. त्यात त्याने पश्चिम आफ्रिकेत आडवी पसरलेली काँग पर्वतांची रांग दाखवली. असा पर्वत जगात कुठेही नाही. तरी रेनेलचे नाव एवढे मोठे की पुढची सुमारे नव्वद वर्षे ती रांग नकाशांतून छापली जात होती. १८८७ ते १८८९ या काळात बँझे हा फ्रेंच अधिकारी प्रत्यक्ष त्या भागात गेला आणि त्याला तिथे पर्वत आढळला नाही. गंगेचा काठ नऊ वर्षांनी पुन्हा मोजून पाहणारा माणूस लंडनमध्ये खुर्चीवर बसून पर्वत उभा करतो! एवढेच दिसते की, नकाशावर एकदा उमटलेली रेघ पुसायला ती काढण्यापेक्षा फार जास्त कष्ट पडतात.

२९ मार्च १८३० रोजी रेनेल लंडनमध्ये वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. समुद्रप्रवाहांवरचे त्याचे पुस्तक त्याच्या मुलीने १८३२ मध्ये प्रसिद्ध केले.

माणसाचे आयुष्य इथे संपले, पण त्याच्या नदीची गोष्ट संपली नाही. रेनेलनंतर अधिक काटेकोर मोजण्या झाल्या, जिल्ह्यांच्या हद्दी ठरल्या, आणि सोयीचे म्हणून कित्येक ठिकाणी त्या नदीच्या पात्रालाच बांधल्या गेल्या. नदी पुढे सरकली, हद्द कागदावर राहिली. जोवर दोन्ही काठ एकाच सरकारचे होते तोवर हे निभावले. १८२५ साली गाळाच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीबद्दल बंगालमध्ये कायदाही झाला होता.

मग १९४७ चा उन्हाळा आला. सर सिरिल रॅडक्लिफने बंगालची फाळणी करताना स्वतःपुढे जे प्रश्न मांडले त्यांतला एक असा होता की, कलकत्त्याचे शहर आणि बंदर जगायचे तर त्याला नदियाच्या नद्यांचा किती प्रदेश हवा. म्हणजे व्हॅन्सिटार्टने १७६४ मध्ये रेनेलपुढे ठेवलेलाच प्रश्न. मुसलमान बहुसंख्य असलेला मुर्शिदाबाद जिल्हा भारताकडे आला आणि हिंदू बहुसंख्य असलेला खुलना पाकिस्तानात गेला, यामागे ही पाण्याची वाट होती. १५ ऑगस्टला मुर्शिदाबादेत पाकिस्तानचे निशाण फडकले होते. १७ तारखेला निवाडा प्रसिद्ध झाल्यावर ते उतरले. पुढे १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला, ३८ किलोमीटरच्या कालव्यातून गंगेचे पाणी भागीरथीत सोडण्याची सोय झाली आणि त्या पाण्यावरून दोन देशांत वाद पेटला. १९९६ च्या डिसेंबरात ३० वर्षांचा करार झाला तो याच वादावर. हा सगळा खटाटोप रेनेल ज्या कामासाठी नावेत बसला होता त्याच कामाचा.

रॅडक्लिफच्या निवाड्यात गंगेसंबंधी एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की सरहद्द म्हणजे जिल्ह्यांच्या हद्दी, नदीचा प्रत्यक्ष प्रवाह नव्हे. कायद्याच्या दृष्टीने हे स्वच्छ आहे. पण जमिनीवर पाहिले तर? कागदावरची रेघ ओसाड वाळूतून जाते, धार दुसरीकडून वाहते, एका देशाचे चर दुसऱ्या देशाच्या काठाला चिकटतात. अडीच वर्षांत भांडण लवादाकडे गेले. स्वीडनचे न्यायमूर्ती बागे हे त्याचे अध्यक्ष होते. १९५० च्या त्यांच्या निर्णयात मुर्शिदाबाद-राजशाही भागापुरते असे ठरले की, रॅडक्लिफच्या निवाड्याच्या दिवशी गंगेचा मध्यप्रवाह जिथे होता तीच हद्द धरावी, मग नदी कुठेही जावो. आणि त्याला जोडून असेही ठरले की, ती रेषा आखणे अशक्य ठरले तर आखणीच्या दिवशी मध्यप्रवाह जिथे असेल तिथे हद्द धरावी. अवघ्या अडीच वर्षांपूर्वीची नदी नेमकी कुठे होती हे कदाचित सांगता येणार नाही, याची ही कायदेशीर तरतूदच झाली. एकाच काठाच्या दोन मोजण्या शेजारी ठेवणाऱ्या रेनेलला ती वाचून नवल वाटले नसते.

कोर्टकचेरीतल्या या शब्दांचा भार पडतो तो शेतकऱ्यावर. जलंगीच्या आणि आखेरीगंजच्या बाजूला गावेच्या गावे पद्मेने पोटात घातली आहेत. ज्याचे घर गेले तो समोर उगवलेल्या चरावर पेरायला जातो. ते चर भारताचे असले तरी वाटेत सीमा सुरक्षा दलाची चौकी असते. तिथे ओळखपत्र जमा करायचे, नांगर-बैल मोजून द्यायचे, आणि ठरल्या वेळेआधी परत यायचे. त्याच्या आजोबाने याच नदीकाठी जे नियम पाळले त्यांत फक्त जमीनदार होता, चौकी नव्हती.

जलंगीचे जे मुख अकरा वर्षांत पाऊण मैल सरकलेले रेनेलने मोजले होते, ते पुढे गाळाने भरत गेले. वरचा प्रवाह मेला. खालच्या जलंगीत आज जे पाणी दिसते ते बहुतांशी भैरब नदीवाटे येते.